मोडण्यासाठीं बांधलेलीं घरें

"घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून" अशी म्हण मराठींत आहे. घर बांधणें ही संसारी माणसाच्या आयुष्यांत एकदांच यावयाची कसोटी होय, असा तिचा भाव. परंतु मुंबईच्या उपनगरांत नव्वद वर्षांपासून एक असा व्यवसाय चालत आला आहे कीं, त्यांतील जाणता मनुष्य हयातींत कित्येक घरें उभारतो. त्यांत कोणाचें बिऱ्हाड राहणार हें आधीं समजून घेतो. त्या बिऱ्हाडाचीं भांडीं, पडदे, देव्हारा आणि भिंतीवरच्या तसबिरी जागच्या जागीं मांडतो. आणि काम संपलें कीं तें सारें मोडून मोकळा होतो. हा मनुष्य म्हणजे चित्रपटाचा कलादिग्दर्शक. त्याच्या हातचें घर सहसा टिकत नाहीं. तथापि मालाड, चेंबूर व गोरेगांव येथें मांडलेल्या खोल्या मॉस्कोपासून कानपर्यंतच्या प्रेक्षकांनीं पाहिल्या. ही कीर्ति कशी मिळाली, हा इतिहास घर सजविण्याची हौस असणाऱ्या कुटुंबांसहि कांहीं सांगून जाणारा आहे.

१९३४ सालीं हिमांशु राय व देविका राणी यांनीं मालाड येथें 'बॉम्बे टॉकीज' ही संस्था स्थापिली. देविका राणी नटी म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु चित्रसृष्टींत त्यांचा प्रवेश झाला तो वेगळ्या दारानें. लंडनमध्यें त्यांनीं वस्त्रांवरील नक्षीकामाचें शिक्षण घेतलें होतें, आणि १९२९ च्या 'प्रपंच पाश' या मूकपटाच्या वेळीं वेषभूषा व नेपथ्य यांच्या कामीं हातभार लावला होता. पुढें बर्लिनच्या 'ऊफा' स्टुडिओंत भिंत आणि प्रकाश यांचा मेळ कसा घालतात, हें त्यांनीं जवळून पाहिलें. त्यामुळें मालाडला काम सुरू झालें तेव्हां कसबी जर्मन माणसें तेथें आलीं. फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शक, जोसेफ विर्शिंग छायालेखक, आणि नेपथ्यास कार्ल फॉन स्प्रेटी. हा स्प्रेटी बव्हेरियांतील सरदार घराण्यांतला, शिक्षणानें वास्तुविशारद.

१९३६ च्या 'अछूत कन्या' या बोलपटाचें नेपथ्य स्प्रेटीचें होतें. रेल्वेच्या फाटकावरील पहारेकऱ्याची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा यांच्या प्रेमाची ही शोककथा. दोन घरांमधील अंतर हाच तिचा गाभा असल्यामुळें तीं घरें बोलकीं असणें अगत्याचें होतें. स्प्रेटीचें काम रेखीव व प्रमाणबद्ध आहे. परंतु आज तें पाहतां हें गांव किंचित् अधिकच नेटकें वाटतें. दारिद्र्याच्या खुणा त्यांत थोड्या, चित्राची शोभा अधिक. परक्या देशाच्या घराचीं मापें घेतां येतात. तेथील राबता वर्षानुवर्षें डोळ्यांखालून जावा लागतो. १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें आणि ब्रिटिश सरकारनें ऑस्टेन व विर्शिंग यांस स्थानबद्ध केलें. स्प्रेटीचें पुढील आयुष्य तर कादंबरीस शोभेल असें आहे. जर्मनीस परतल्यावर तो राजकारणांत शिरला, पश्चिम जर्मनीच्या संसदेचा सभासद झाला, आणि ग्वातेमाला देशांत राजदूत असतां १९७० सालीं बंडखोरांनीं त्याचें अपहरण करून त्याचा वध केला. परदेशी माणसें गेलीं. परंतु काम करण्याची शिस्त उपनगरांतील सुतार, रंगारी व चित्रकार यांच्या हातांत राहिली.

या कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. खोलीस भिंती बहुधा तीनच. चौथी बाजू कॅमेऱ्यासाठीं मोकळी. लांकडी चौकटी, त्यांवर फळ्या अथवा कापड, वरून प्लास्टर व रंग. इतकें कोणीहि कुशल सुतार करील. कसोटी लागते ती त्यानंतर. नव्या भिंतीस धुराचे व ओलीचे डाग द्यावयाचे, उंबरठ्याची कड झिजवावयाची, कडीभोंवतीं हातांचा मळ बसवावयाचा. घरांतील कर्ता पुरुष कोठें बसतो, सासूची खाट कोणत्या कोपऱ्यांत आहे, पाहुण्यासमोर कोणता पेला येतो, या प्रश्नांचीं उत्तरें संवादांत नसतात. तीं खोलीनें द्यावयाचीं असतात.

तीं उत्तरें ज्यांनीं जगभर पोहोंचविलीं त्यांत एम. आर. आचरेकर यांचें नांव अग्रभागीं येतें. १९०७ सालीं जन्मलेले आचरेकर मूळचे चित्रकार. मुंबईच्या केतकर कलासंस्थेंत आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें त्यांचें शिक्षण झालें. मनुष्यदेहाचें रेखाटन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 'रूपदर्शिनी' हा त्यांचा ग्रंथ त्यावरच आहे. देहाचीं मापें ज्यास कळलीं त्यास खोलीचीं मापें निराळीं शिकवावीं लागत नाहींत, याचा प्रत्यय त्यांच्या नेपथ्यांत येतो.

राज कपूर यांच्या 'आवारा' (१९५१) या चित्रपटांत न्यायाधीशाचा वाडा आणि त्यानें टाकलेल्या पत्नीची खोली अशीं दोन घरें आहेत. एकांत प्रशस्त जिना, उंच छत, आणि माणूस त्यांत लहान दिसावा अशी पोकळी. दुसऱ्यांत भिंती इतक्या जवळ कीं आई व मुलगा यांस एकमेकांपासून कांहींच लपवितां येऊं नये. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओंत उभारलेलें त्यांतील स्वप्नदृश्य तर प्रसिद्धच आहे. हा चित्रपट १९५३ सालीं कानच्या महोत्सवांत दाखविला गेला आणि १९५४ पासून सोविएत रशियांत त्यानें अपार लोकप्रियता मिळविली. मॉस्कोच्या प्रेक्षकास हिंदी येत नव्हतें, मुंबई ठाऊक नव्हती. परंतु कोणत्या घरांत माया आहे आणि कोणत्या घरांत नुसता दिमाख, हें त्यास त्या खोल्या पाहूनच कळलें असलें पाहिजे.

पुढें भारत व रशिया यांनीं मिळून 'परदेसी' (१९५७) हा चित्रपट काढला. पंधराव्या शतकांत चौल बंदरीं उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन हा त्याचा नायक. त्या कलादिग्दर्शनाबद्दल आचरेकरांस फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. गुरु दत्त यांच्या 'काग़ज़ के फूल' (१९५९) मध्यें तर त्यांच्यापुढें चित्रपटाचा स्टुडिओच 'घर' म्हणून मांडण्याचें काम आलें. तेंहि पारितोषिकास पात्र ठरलें. १९६८ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. १९७९ सालीं ते निवर्तले.

यानंतरचा दुवा मुलुंडचा. दापोली येथें १९६५ सालीं जन्मलेले नितीन चंद्रकांत देसाई मुलुंडच्या वामनराव मुरांजन विद्यालयांत मराठी माध्यमांतून शिकले. मुलुंड आणि गोरेगांव यांच्यामध्यें डोंगर व अरण्य आहे. त्या अरण्याच्या पलीकडे १९७७ मध्यें राज्यसरकारनें चित्रनगरी उभारली होती. १९८७ सालीं 'तमस' या मालिकेच्या कामानिमित्त देसाई तेथें गेले आणि नितीश रॉय यांच्या हाताखालीं शिकूं लागले. पुढें 'सच अ लाँग जर्नी' (१९९८) या कॅनेडियन चित्रपटांत मुंबईच्या पारशी कुटुंबाचें घर मांडण्याचें काम त्यांजकडे आलें. 'लगान' (२००१) साठीं कच्छमध्यें भुजजवळ सबंध गांव वसविण्यांत आलें, आणि तें तेथील गांवकऱ्यांच्या हातांनीं, त्यांच्याच मातीकामाच्या रीतीनें. हा चित्रपट ऑस्करच्या अंतिम पांच परभाषी चित्रपटांत पोहोंचला. 'देवदास' (२००२) मध्यें गोरेगांवच्या चित्रनगरींत कृत्रिम तळें करून त्याच्या कांठीं चंद्रमुखीचा महाल उभा राहिला, तर पारोचें दालन रंगीत कांचेच्या तुकड्यांनीं सजलें. तो कान येथें दाखविला गेला. आपल्या कारकीर्दींत देसाई यांनीं चार राष्ट्रीय पारितोषिकें मिळविलीं.

परंतु मोडण्यासाठीं घर बांधणाऱ्याच्या मनांतहि टिकाऊ घराची इच्छा असतेच. २००५ सालीं देसाई यांनीं कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ काढला. किल्ले, महाल व पेठा यांचे देखावे तेथें कायमचे राहावे, हा त्यांचा हेतु होता. 'जोधा अकबर' मधील किल्ला तेथेंच उभा राहिला. देखावा मोडला कीं खर्च थांबतो. तो राखावयाचा म्हटलें कीं पावसाळ्यामागून पावसाळा खर्च चालूच राहतो. स्टुडिओवरील कर्जाचा भार वाढत गेला, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, त्याच स्टुडिओंत देसाई यांच्या आयुष्याचा शोकपूर्ण अंत झाला.

हॉलिवुडच्या अकादमीचें या कलेचें पारितोषिक आराखडा काढणारा आणि खोलीची सजावट करणारा, अशा दोघांस मिळून दिलें जातें. उंबरठा झिजविणाराहि कलावंतच, हें त्यांत मान्य केलेलें आहे. आपल्याकडे मुख्य कलादिग्दर्शकाचें नांव कसेंबसें वाचलें जातें. त्याच्या हाताखालचे सुतार, रंगारी व सजावटकार अनामिकच राहतात. या तिन्ही पिढ्यांचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. परदेशांत नांव व्हावें म्हणून परदेशी दिवाणखान्याची नक्कल करण्यानें फारसें कांहीं साधलें नाहीं. चेंबूरची खोली मॉस्कोस आपली वाटली, कच्छचें मातीचें घर अमेरिकेंत पोहोंचलें, तें त्या घरांत कोण राहतें हें मांडणाऱ्यास नेमकें ठाऊक होतें म्हणून. तीं घरें आज कोठेंहि नाहींत. परंतु पडद्यावर दिवा लागला कीं देव्हारा, जिना आणि रंगीत कांच पुन्हां जागच्या जागीं दिसतात. त्या वेळीं नामावळींतील कलादिग्दर्शकाचें व सजावटकाराचें नांव वाचण्यापुरतें क्षणभर थांबणें, एवढें ऋण प्रेक्षकास सहज फेडतां येण्याजोगें आहे.