नाळेतलं रक्त मोठ्या माणसाला पुरतं का?

मंडळी, आजची पोस्ट राजकारणावर नाही. जरा मोठी आहे, पण ज्यांच्या घरात पाळणा हलणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. बायकोच्या बाळंतपणाला दीड महिना राहिलाय. शहरातल्या ज्या दवाखान्यात नाव घातलंय, तिथं एका कंपनीचा माणूस येऊन बसतो. म्हणतो, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवा. पोरगं उद्या चाळीस वर्षांचं झालं आणि ब्लड कॅन्सर निघाला, तरी हेच रक्त जीव वाचवेल. पैसे हप्त्यानं. "काका, उसाचं बिल आलं की पहिला हप्ता भरतो. भरू ना?"

आमच्या अंकुशनगरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आजीच्या काळी सुईण नाळ कापायची आणि वार परसात पुरायची. "आमची नाळ इथं पुरलीय" हे आपण अजून भाषणात ऐकतो. त्या पुरलेल्या वारेत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, हे जगाला बरंच उशिरा कळलं.

त्याआधीचा टप्पा आपल्या महाराष्ट्रातला आहे. 1983 मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. एका मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला. अडवाणी स्वतः पोलिओमुळे व्हीलचेअरवर, हे मुद्दाम सांगतो. पण अडचण अशी, की सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ज्याचं जुळत नाही त्यानं काय करायचं?

उत्तर नाळेत सापडलं. अमेरिकेत हॅल ब्रॉक्समायर यांनी नाळेतलं रक्त गोठवून टिकवता येतं हे दाखवलं आणि 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी पाच वर्षांच्या एका आजारी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. मुलगा वाचला. मग न्यूयॉर्कमध्ये दानातून आलेल्या नाळेच्या रक्ताची सार्वजनिक बँक उभी राहिली. नवजात बाळाच्या पेशी अजून 'शिकलेल्या' नसतात, म्हणून थोडं कमी जुळलं तरी चालून जातं. हा मोठाच फायदा.

पण हे सगळं लहान मुलांचं. मोठ्या माणसाचं गणित वेगळं, कारण वजन. डॉक्टर किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी तरी मागतात. साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी. एका नाळेतून निघतं जेमतेम शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त, त्यात एवढ्या पेशी बऱ्याचदा भरत नाहीत.

2001 मध्ये अमेरिकेतल्या 68 प्रौढ रुग्णांचा अहवाल आला. तीन वर्षांनंतर आजारमुक्त राहिले ते साधारण चौथा हिस्सा. वाचून वाईट वाटतं, पण या लोकांकडे दुसरा मार्ग जवळपास उरला नव्हता. 2004 मध्ये युरोपातल्या 682 प्रौढांची तुलना झाली: 98 जणांना नाळेचं रक्त, 584 जणांना परक्या दात्याचा जुळणारा मॅरो. जगण्याचं प्रमाण जवळपास सारखं. मात्र नाळवाल्यांच्या पांढऱ्या पेशी साधारण आठवडाभर उशिरा वाढल्या. हा आठवडा म्हणजे जंतुसंसर्गाला उघडं दार. त्याच वर्षीच्या अमेरिकन अभ्यासात पूर्ण जुळणारा मॅरोच सरस ठरला. नाळेचं रक्त अर्धवट जुळणाऱ्या मॅरोच्या बरोबरीला राहिलं.

मिनेसोटाच्या डॉक्टरांनी मग दोन बाळांच्या नाळा एकाच रुग्णाला द्यायला सुरुवात केली. गंमत अशी, की शेवटी बहुधा एकच टिकते आणि दुसरी मागे पडते. तरी प्रौढांसाठी दार उघडलं ते यामुळेच.

पुढे मात्र घरातल्याच अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाकडून, म्हणजे आई, बाप, मुलगा, मुलगी यांच्याकडून मॅरो घ्यायची पद्धत सुधारली. 2021 साली छापून आलेल्या अमेरिकन चाचणीत 368 रुग्ण होते. दोन वर्षांनी दोन नाळावाले 46 टक्के जिवंत, घरच्या अर्ध्या जुळणीवाले 57 टक्के. शिवाय दाता घरातच, रक्त शोधायला परदेशात जायचं काम नाही. आपल्यासारख्या देशात हेच जास्त परवडतं.

आता मुद्द्याचं. या अभ्यासांतलं नाळेचं रक्त दुसऱ्याच्या बाळाचं, दान केलेलं होतं. ब्लड कॅन्सरमध्ये परक्या पेशी उरलेल्या कॅन्सरशी लढतात म्हणून तर उपयोग. स्वतःच्या पेशी ते काम करत नाहीत. थॅलेसेमियात तर स्वतःच्या नाळेतही तोच दोष असतो. म्हणूनच 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत आयसीएमआरनं स्पष्ट लिहिलं, की पुढे स्वतःला वापरू म्हणून नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. घरात आधीच थॅलेसेमियासारखा आजार असलेलं मूल असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा धाकट्याची नाळ खरंच मोलाची, डॉक्टरांना जरूर विचारा.

पुतण्याला म्हटलं, त्या माणसाला एवढंच विचार: ज्या मोठ्या माणसांचा कॅन्सर नाळेच्या रक्तानं बरा झाला, त्यातल्या किती जणांना त्यांचं स्वतःचं साठवलेलं रक्त दिलं होतं?

संध्याकाळी पुन्हा फोन आला. माणूस म्हणे, "वर विचारून सांगतो." आज आठवा दिवस.