वेताळाची सोबत

लहानपणी जडलेले चित्रकथांचे वेड माझे अजून सुटलेले नाही. ली फॉक यांचा ‘फँटम’ अमेरिकेतील वृत्तपत्रांत १९३६ साली अवतरला. मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघाले आणि पुढे मराठीत तो ‘वेताळ’ झाला. १९६७ मध्ये अनंत पै यांची ‘अमर चित्रकथा’ सुरू झाली. तीतून पुराणकथा येऊ लागल्या, तेव्हा घरचा विरोध मावळला. पण वेताळ निषिद्धच! “मुलीच्या जातीला हे कसले वाचन?” म्हणत वडीलमंडळींनी माझा गठ्ठा रद्दीत घातला. १९९० साली इंद्रजालही थांबले. परंतु वाचनाची गोडी मला त्या पानांनीच लावली. म्हणून विनंती एवढीच, की नातवंडांच्या चित्रकथा रद्दीत घालण्यापूर्वी आपण एकदा वाचून पाहाव्यात.