महाराष्ट्रातील कुंभारकला

महाराष्ट्रातील कुंभारकला म्हणजे माती मळून, चाकावर किंवा हाताने घडवून व आव्यात भाजून भांडी तयार करण्याची परंपरा होय. गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी कुंभार हा एक असून, भांड्यांच्या मोबदल्यात त्याला सुगीत धान्य मिळत असे.

इतिहास

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठच्या जोर्वे या स्थळावरून ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती सुमारे इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातील मानली जाते. तेथील भांडी चाकावर घडवलेली व चांगली भाजलेली असून, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी आढळते. तोटीचे भांडे हे त्यांचे वैशिष्ट्य. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे कुंभाराची भट्टी सापडली आहे. मृत बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची प्रथाही तेथे दिसते. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे सातवाहनकालीन मृण्मूर्तींसाठी आणि संत गोरा कुंभार यांच्यासाठी प्रसिद्ध आहे.

घडण आणि भाजणी

माती वाळवून, कुटून, चाळून भिजवतात. तडा जाऊ नये म्हणून तीत राख, रेती किंवा लीद मिसळतात. चाकावर घडवलेले भांडे थोडे सुकल्यावर आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकतात. त्यामुळे भिंत पातळ व मजबूत होते. भाजल्यानंतरही भिंतीत सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाझरणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होत असल्याने माठातील पाणी गार राहते. परंपरेने चाक पुरुष चालवीत. माती तयार करणे व रंग देणे ही कामे स्त्रियांकडे असत.

कोकणात पावसाळ्यात भांडी सुकवणे व उघड्यावर आवा लावणे अवघड होते. त्या महिन्यांत गणेशमूर्तींच्या शाळा गजबजतात. आपला पाट शाळेत नेऊन देण्याची व त्यावरच मूर्ती घडवून घेण्याची रीत रत्नागिरी परिसरात आढळते. संगमेश्वर तालुक्यातील कुंभारखाणी या गावाच्या नावातच कुंभार आहे.

विधी आणि व्यवहार

माठ, रांजण, घागर, डेरा, गाडगे, बोळके, पणती ही नावे आकार व उपयोगानुसार पडली आहेत. संक्रांतीचे सुगड, नवरात्रातील घट, अक्षय्य तृतीयेचा उदककुंभ आणि अंत्यविधीतील मडके यांमुळे जन्मापासून मृत्यूपर्यंत कुंभाराच्या वस्तूंशी संबंध येतो.

आधुनिक काळ

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कला विद्यालयात १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मृत्पात्रांची कार्यशाळा सुरू झाली. तेथील झिलईदार भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृतिबंध वापरले गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५०च्या दशकात ग्रामोदय संघाद्वारे ग्रामीण कुंभारांच्या प्रशिक्षणाचे कार्य उभारले.

तुलना

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील प्वेब्लो समाजांत चाक न वापरता मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभारतात आणि हे काम परंपरेने स्त्रियांचे आहे. न्यू मेक्सिकोतील सान इल्देफोन्सो येथील मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) व त्यांचे पती ज्युलियन यांनी १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी विकसित केली. पेटलेला जाळ शेणखताच्या भुकटीने दाबल्यावर हवा कोंडली जाऊन भांडी काळी होतात. पुढे मारिया भांड्यांवर स्वाक्षरी करू लागल्या आणि ती भांडी संग्रहालयांत पोहोचली. महाराष्ट्रातील माठ किंवा सुगड मात्र सहसा घडवणाऱ्याच्या नावाशिवायच विकले जाते.

सद्यस्थिती

धातू व प्लास्टिकची भांडी, नळाचे पाणी आणि शीतकपाट यांमुळे रोजच्या वापरातील मागणी घटली. कुंड्या, पणत्या, शोभेच्या वस्तू व सणासुदीची विक्री हे आता अनेक कुंभारांचे मुख्य आधार आहेत. माती व जळण मिळवणे कठीण होत असून अनेक घरांतील पुढची पिढी अन्य व्यवसायांकडे वळली आहे. मातीची पारख, चाकावरील हात आणि आव्याचा अंदाज ही कौशल्ये प्रामुख्याने सोबत काम करूनच शिकली जातात. त्यामुळे एका पिढीचा खंड पडला, तरी ती पुन्हा मिळवणे अवघड असते.