खत, दावा आणि हुकूमनामा : दख्खनमधील सावकारी

पेशवाईतही दख्खनच्या गावोगावी सावकार होता. सारा भरायला, बैल घ्यायला, लग्नकार्याला कुणबी त्याच्याच दारात जाई. मात्र वसुलीसाठी सावकाराला गावाचे तोंड पाहावे लागे. तगादा लावायचा, फार तर दाराशी धरणे धरायचे, त्यानेही भागले नाही तर पंचायतीपुढे जायचे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये, असा दामदुपटीचा नियम रूढ होता. ही व्यवस्था फार न्यायी होती असे नव्हे, कारण पाटील-कुलकर्णीही रयतेला नाडत. पण गावाला दुखवून पैसा वसूल करणे अवघड होते.

१८१८ नंतर इंग्रजी अमल आला आणि ही अडचण दूर झाली. रयतवारी पद्धतीत सारा रोख आणि ठरल्या हप्त्याने भरावा लागे. जमीन गहाण टाकता आणि विकता येऊ लागली, त्यामुळे सावकाराला तारण मिळाले. दिवाणी न्यायालयांमुळे ते तारण ताब्यात घेण्याची सोयही झाली. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने, नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे बंधनकारक केले. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता, परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात घाली आणि त्या वाढीव रकमेवर पुन्हा व्याज लावी. नवे खत झाले की दामदुपटीची मोजणीही नव्याने सुरू होई.

लबाडी खरी या खतात होती. आकडा एक लिहायचा आणि हातावर त्याहून कमी रक्कम टेकवायची. फेडीदाखल नेलेल्या धान्याचा भाव सावकारानेच ठरवायचा, पावती द्यायचीच नाही. मजकूर लिहिणारा सावकाराच्या ओळखीतला. शेतकऱ्याला वाचता येत नसे, त्यामुळे तो सहीच्या जागी नांगराची निशाणी करून मोकळा होई. कोर्टात पुरावा म्हणून तेवढेच पुरे.

कोर्ट तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तिथवरची पायपीट, वकील, स्टँप, साक्षीदारांचा खर्च कुणब्याला झेपणारा नव्हता. समन्स पोचवणाऱ्या बेलिफाला चिरीमिरी दिली की समन्स न बजावताच बजावल्याचा शेरा पडे. प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा होई, लिलाव पुकारला जाई आणि बोली बहुधा सावकारच लावी. कर्जापायी कैदेची धास्ती दाखवून आणखी एक खत लिहून घेता येई, ते वेगळेच. न्यायाधीशाला विकत घेण्याची यात गरजच नव्हती. तो प्रामाणिकपणे कागद वाची, आणि कागद सावकाराचा असे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला तेजी आली आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास साऱ्याच्या फेरआकारणीत दर वाढले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जासाठी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कोणी कसेना, न्हावी त्यांची हजामत करीना.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरले. रकमांपेक्षा जमावाचा रोख खते आणि हुकूमनामे यांवर होता. कागद मुकाट्याने दिले तर सावकाराला सहसा इजा होत नसे. नऊशेहून अधिक लोकांना अटक झाली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोर्टाची यंत्रणा धनकोच्या बाजूला झुकल्याचे त्यात मांडले होते.

त्यातून १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये, व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, अशी त्यात सोय होती. शेतकऱ्याला कर्जापायी होणारी कैद थांबली, खते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिणे आले. महादेव गोविंद रानडे पुढे याच कायद्याखालील खटल्यांच्या तपासणीवर होते. कागदी फसवणुकीला त्यामुळे काही आळा बसला. कोर्ट-कचेरीतील लाचखोरी मात्र चालूच राहिली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तिच्यावर कोरडे ओढले आहेत.

सावकारांनीही नवी वाट शोधली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देऊ, एवढे तोंडी सांगायचे. कागदावर विक्रीच असल्याने तोंडी शब्दाला कोर्टात किंमत राहत नसे. ही पळवाट बुजवण्यासाठी पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि विक्रीच्या आड दडलेले गहाण तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली.