चौदाव्या मिनिटानंतर

१९९७. तुम्ही सतरा वर्षांचे आहात. विरारजवळच्या आगाशीतल्या तुमच्या घराच्या पत्त्यात अजून ठाणे जिल्हा लिहिला जातो. शिकागोत शिकणारा आतेभाऊ सुट्टीला आला आणि जाताना एक कॅसेट भरून देऊन गेला. तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलंय : टॉर्टॉइज, १९९६. बँड शिकागोचाच.

तुम्ही टेपरेकॉर्डरचं बटण दाबता आणि गायकाची वाट बघत बसता. गायक येतच नाही. आधी बासचा धूसर घुमारा, मग एकाच चालीने पुढे सरकणारा ड्रम, त्यावर ऑर्गन. रॉक म्हणजे गिटारचा सोलो आणि टिपेला गेलेला गळा, हे तुमच्या मनात पक्कं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आता वाद्याच्या पट्ट्यांवर वाजणारे छोटे छोटे ठेके एकमेकांत गुंतू लागलेत. चौदाव्या मिनिटाच्या सुमाराला आवाज अडखळतो, तुटतो, फाटतो.

टेप अडकली! तुम्ही कॅसेट झटकन बाहेर काढता, पेन्सिल शोधता. फीत धडधाकट आहे. तरी ती पुन्हा लावावीशी वाटत नाही. कॅसेट खणात जाते.

२००३. तुम्ही चर्चगेटला नोकरीला जाता. बोरिवलीपलीकडे अजून दोनच मार्ग आहेत. मेल गाडीला वाट देत लोकल रखडते, आणि त्या रखडण्यात तुमचा कान घडतो आहे. किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकताना पुढच्या तानेची घाई गळून पडते. एकेक स्वर किती बाजूंनी दिसतो ते कळू लागतं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून तुम्ही माइल्स डेव्हिसचं जॅझ घरी आणता. मित्राने दिलेल्या सीडींवर किंग टबीचं जमैकन डब आहे, 'नॉय!' या जर्मन जोडीचा अखंड धावणारा ठेका आहे, संगीतकार स्टीव्ह राइश यांचं १८ वादकांसाठीचं संगीत आहे. 'हम दोनो' चित्रपटातल्या लायटरची धून वादक केरसी लॉर्ड यांनी ग्लॉकेनस्पीलवर वाजवली, हेही एव्हाना तुम्हाला ठाऊक झालंय. त्या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांचा नाद तर लहानपणापासून रेडिओवर कानी पडत होता.

खणातल्या कॅसेटची आठवण या काळात एकदाही होत नाही.

आज. पंधरा डब्यांची विरार फास्ट. जिल्हा पालघर झाला, मार्ग चार झाले, ऱ्हिदम हाउस बंद झालं. फोन आपणहून त्या कॅसेटवरचाच तुकडा लावतो : 'जेड', जवळपास २१ मिनिटांचा. पहिल्या घुमाऱ्यालाच तुम्ही सावरून बसता. हा ठेका 'नॉय!'चा वारसदार. हे गुंतलेले ठेके राइश यांच्या घरातले. नाद विरत जाण्याआधी त्याला मिळालेली ही जागा डबमधली. सगळे ओळखीचे, आणि सगळे मिळून अनोळखी.

सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने १९९४ मध्ये पोस्ट-रॉक हा शब्द वापरला तो अशाच संगीतासाठी : वाद्यं रॉकची, पण काम वेगळं, गिटारकडून सुरावटीपेक्षा पोत घ्यायचा.

चौदावं मिनिट येतं. आवाज फाटतो, आणि आता तुम्हाला कळतं की तो बिघाड मुद्दाम रचलेला आहे. ड्रमर आणि ध्वनिमुद्रक जॉन मॅकेंटायर यांनी संकलनालाच वाद्य केलंय. पलीकडे संथ, मोकळा पट्टा सुरू होतो. तो संपल्यावर पुढचा तुकडा, 'ग्लास म्युझियम'. चौदाव्या मिनिटापुढचं हे सगळं तुमच्यासाठी नवीन आहे.

रुची पिकते म्हणजे जुनं टाकून वरच्या पायरीवर जाणं, असं आपण समजतो. या गाडीत तुम्हाला निराळंच उमगतं. अनेक संगीतं एकत्र नांदतात ते ऐकायला ती आधी एकेकटी आवडावी लागतात. किशोरीताईंनी धीर दिला, डबने पोकळीची गोडी लावली, केरसी लॉर्डनी नाद ओळखीचा केला. टॉर्टॉइज ऐकण्याची तयारी टॉर्टॉइजपासून दूर राहूनच झाली. म्हणून पहिल्या भेटीत न भावलेल्या संगीतावर कायमची फुली मारू नका. मधली वर्षं दुसरं काही मनापासून ऐका.