दुचाकीसाठी विश्वासाचं शोरूम, गॅरेज कसं ओळखाल? पवनारच्या गाडीवाल्यांसाठी सोपी माहिती

पवनार म्हटलं की धाम नदी आणि विनोबांचा परमधाम आश्रम आठवतो. पण वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या या गावाचं रोजचं जगणं दुचाकीवर चालतं. वर्ध्याला नोकरीला जायचं, पोरांना कॉलेजात सोडायचं, दुधाचे कॅन पोचवायचे, पांदण रस्त्यानं शेतात जायचं, सगळं गाडीवरच. गाडी चार दिवस गॅरेजात पडली तर चार दिवसांची कमाई बुडते.

पर्याय साधारण तीन असतात. जवळचा ओळखीचा मेकॅनिक, आठ-दहा किलोमीटरवरच्या वर्ध्यातलं शोरूम किंवा सर्व्हिस सेंटर आणि जुनी गाडी हवी असेल तर नागपूरचा बाजार. यातलं विश्वासाचं कोण? चकचकीत काच किंवा गोड बोलणं यावरून ते कळत नाही. एक साधी कसोटी आहे: पैसे घेण्याआधी समोरचा माणूस काय काय लिहून द्यायला तयार आहे?

नवी गाडी घेताना काय विचाराल?

'ऑन-रोड किंमत' हा एकच आकडा ऐकून परत येऊ नका. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज आणि इतर शुल्क असे वेगवेगळे आकडे कोटेशनवर लिहून मागा. कर आणि नोंदणी शुल्काची सरकारी पावती असते. 'इतर' नावाखाली लावलेली रक्कम कशाची, हे विचारायला लाजू नका.

विम्याबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे.
- स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे.
- विमा शोरूमनं सांगितलेल्याच कंपनीचा घ्यावा, अशी सक्ती नाही.

गाडी ताब्यात घेताना फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, नीट वाचा. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष असतं. वर्षभर गोदामात उभी राहिलेली गाडी 'ताजी' म्हणून गळ्यात मारली जात असेल तर ती इथे पकडली जाते. नोंदणी झाल्याशिवाय आणि नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावून देणं ही विक्रेत्याचीच जबाबदारी आहे.

जुनी गाडी: सर्वात मोठा धोका नावाचा

जुन्या गाडीच्या व्यवहारात इंजिनापेक्षा आरसी जास्त महत्त्वाची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा.

'सह्या करून ठेवा, नाव नंतर करू' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते किती महागात पडू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालावरून कळतं. एकानं २००७ मध्ये कार विकली. पुढे ती आणखी काही हातांत गेली, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं. २००९ मध्ये तिचा जीवघेणा अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, म्हणून भरपाईची जबाबदारीही त्याचीच. हाच नियम तुमच्या दुचाकीलाही लागू होतो.

म्हणून गाडी विकताना किंवा बदलीत देताना विक्रेत्याला विचारा: 'तुमच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का?' १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी हा नियम आहे. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. त्यानंतर गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी असतं. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर ते दुकान सोडलेलं बरं.

घेणाऱ्यानं इतकं तरी पाहावं:

- गाडीचा नंबर 'परिवहन'च्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणी, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तपासा.
- आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा. खरवडल्याच्या खुणा असतील तर तिथेच थांबा.
- वर्ध्याचा नंबर एमएच-३२. नागपूरची एमएच-३१, ४० किंवा ४९ ची गाडी घेत असाल तर तिथल्या आरटीओची कोणती कागदपत्रं लागतील, हे इसार देण्याआधी विचारा.
- इंजिन थंड असताना गाडी पाहायला जा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी आपले दोष लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.
- मीटरवर किलोमीटर कमी, पण ब्रेकच्या पेडलचं रबर आणि हँडलची ग्रिप झिजलेली असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

आणि एक इशारा. फेसबुकवर किंवा ओएलएक्सवर 'फौजी आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो, आधी ट्रान्सपोर्टचे पैसे टाका' असा मेसेज आला, तर फसवणुकीचा हा जुना नमुना ओळखा. गाडी आणि कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

गॅरेज: जवळचं की कंपनीचं?

गाडी वॉरंटीत आहे तोवर वॉरंटीच्या अटी वाचा आणि ठरलेल्या सर्व्हिसिंग ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत केंद्रातच करा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिनाचा दिवा लागला तर दोष शोधायला स्कॅनर लागतो. 'तुमच्याकडे या मॉडेलचा स्कॅनर आहे का?' हा प्रश्न गाडी उघडण्याआधी विचारायचा.

बाकी कामांसाठी जवळचा मेकॅनिक अनेकदा उत्तम असतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात अडकतो, चेन-स्प्रॉकेट खातो, ब्रेक शू झिजवतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे गेला की जुने टायर आणि बॅटरी आधी दगा देतात. गावातल्या मेकॅनिकनं असे शेकडो दोष हाताळलेले असतात. शिवाय त्याला उद्याही याच गावात राहायचं असतं.

नव्या गॅरेजची पारख करायची तर पहिलं काम छोटं द्या: ऑइल बदलणं, ब्रेक, चेन. त्यात या गोष्टी पाहा:

- खर्चाचा अंदाज: आधी लिहून देतो का? 'फोन केल्याशिवाय जास्तीचं काम करायचं नाही' हे मान्य करतो का?
- जुने पार्ट: बदललेले पार्ट परत देतो का? हे सर्वात सोपं आणि सर्वात खरं परीक्षण आहे. काम सुरू होण्याआधीच 'जुने पार्ट मला हवेत' असं सांगा.
- ऑइल: तुमच्या मॅन्युअलमधलाच ग्रेड वापरतो का, सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडतो का?
- नवे पार्ट: पाकिटावर उत्पादकाचं नाव, महिना-वर्ष आणि एमआरपी आहे का? ते पाकीट जपून ठेवा.
- 'इंजिन खोलावं लागेल': असं म्हटलं तर कारण विचारा आणि दुसऱ्या मेकॅनिकलाही दाखवा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. मीटरचं रीडिंग नोंदवा आणि कोऱ्या कार्डावर सही करू नका.

बिल नाही म्हणजे लबाड का?

लगेच तसं समजू नका. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या मेकॅनिकला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्याची साधी हातानं लिहिलेली पावतीही चालते. पण जो जीएसटी नंबर न छापता बिलात जीएसटी जोडतो, तो नियम मोडतो. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो आणि २७ ने सुरू होतो. आणि बिल मागूनही न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

फसवणूक झालीच तर?

आधी दुकानदाराला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी तारखेसह पुरावा राहतो. शोरूमची तक्रार असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडेही लिहा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन करा.

तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. २०१९ च्या कायद्यानं आणखी एक सोय दिली आहे: गाडी नागपुरात घेतली असली तरी पवनारचा माणूस वर्ध्याच्या आयोगात तक्रार करू शकतो, कारण तक्रारदार राहतो तिथेही तक्रार चालते. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवून दूध वाहणाराही कायद्यानं ग्राहकच आहे.

आयोगासमोर मात्र पहिला प्रश्न कागदाचा येतो. कोटेशन, जॉब कार्ड, पावती, पार्टचं पाकीट, मेसेज, सगळ्याचे फोटो काढून मोबाइलमध्ये गाडीच्या नंबरानं एक फोल्डर करून ठेवा. मेकॅनिकशी वीस वर्षांची ओळख असली तरी पावती मागायला हरकत नाही. हिशोब लिहिलेला असला की ओळखही टिकते.