बेनेलाँग : एका उपनगराचा कौल

सिडनीचे ऑपेरा हाउस ज्या भूशिरावर उभे आहे त्याला बेनेलाँग पॉइंट म्हणतात. त्याच नावाचा एक संघीय मतदारसंघ पॅरामाटा नदीच्या उत्तरेस, राइड, ईस्टवूड अशा उपनगरांतून पसरला आहे. नाव वुलरावरे बेनेलाँग या मूळनिवासी पुरुषाचे. गव्हर्नर आर्थर फिलिपच्या हुकमावरून १७८९ मध्ये त्याला पकडण्यात आले. १७९२ साली तो फिलिपबरोबर इंग्लंडला गेला, १७९५ मध्ये परतला आणि १८१३ मध्ये वारला. त्याचे दफन राइडच्या परिसरातच, नदीकाठच्या एका फळबागेत झाले. मतदारसंघाला त्याचे नाव १९४९ साली मिळाले; देशातील सर्व मूळनिवासींना संघीय निवडणुकीत मताधिकार मिळायला मात्र १९६२ उजाडावे लागले.

१९४९ पासून २००७ पर्यंत येथून केवळ दोन माणसे निवडून गेली. १९७४ पर्यंत जॉन क्रेमर, पुढे जॉन हॉवर्ड. दोघेही लिबरल. (तेथील ‘लिबरल’ म्हणजे आपल्या अर्थाने उदारमतवादी नव्हेत, तो तिथला उजवा पक्ष.) हॉवर्ड १९९६ मध्ये पंतप्रधान झाले. मधल्या काळात फेररचनांनी मतदारसंघाच्या सीमा वायव्येकडे सरकत गेल्या आणि ईस्टवूड-एपिंगच्या बाजूला चिनी व कोरियन वंशाची कुटुंबे स्थिरावली. आशियाई स्थलांतराचा वेग कमी करावा, असे १९८८ मध्ये सुचविणाऱ्या नेत्याच्याच अंगणात हे घडत होते!

२४ नोव्हेंबर २००७ रोजी हॉवर्ड हरले. पदावर असताना स्वतःची जागा गमावणारे ते ऑस्ट्रेलियाचे दुसरे पंतप्रधान. पहिले स्टॅन्ली ब्रूस, १९२९ मध्ये. आपल्याकडील वाचकांना १९७७ची रायबरेली आठवेल. पण एक मोठा फरक आहे. पहिल्या पसंतीच्या मतांत हॉवर्डच किंचित पुढे होते, सुमारे ४५.५ टक्के, लेबर पक्षाच्या पत्रकार उमेदवार मॅक्सीन मॅक्यू ४५.३ टक्क्यांवर. ग्रीन पक्ष व इतरांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या गेल्या, तेव्हा मॅक्यू ५१.४ टक्क्यांवर पोहोचल्या. आमच्यापैकी ज्यांनी विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिले आहेत, त्यांना हे गणित परके वाटू नये. आपल्या लोकसभेच्या पद्धतीने मोजणी झाली असती, तर हॉवर्ड निसटत्या फरकाने निवडून आले असते.

हा पराभव आशियाई मतदारांनी केला, असे पुष्कळदा सांगितले जाते. आम्हांस हे अपुरे वाटते. त्या वर्षी देशभरच लेबरची लाट होती, नव्या कामगार कायद्यांवरचा रोष होता आणि अकरा वर्षांच्या सत्तेचा कंटाळाही. लोकसंख्येच्या बदलाने जमीन भुसभुशीत केली. घाव अन्यत्रून आला.

तसे नसते तर २०१० मध्येच जागा पुन्हा लिबरलांकडे गेली नसती. टेनिसपटू जॉन अलेक्झांडर तेव्हा जिंकले. २०१७ मध्ये दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत, न्यू साउथ वेल्सच्या माजी प्रीमियर क्रिस्टिना केनेली समोर असतानाही, तेच निवडून आले. २०२२ मध्ये राइडचे माजी महापौर जेरोम लॅक्सेल यांनी सुमारे ५१ टक्क्यांवर जागा लेबरकडे आणली. पुढे फेररचनेत हंटर्स हिल व लेन कोव्ह जोडले गेल्याने कागदोपत्री हा मतदारसंघ पुन्हा लिबरल ठरला होता. २०२५ मध्ये लॅक्सेल पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या फरकाने निवडून आले.